गाणे पुन्हा गाताना

एकाने गाऊन ठेवलेले आणि लोकांच्या कानांत पक्के बसलेले गाणे दुसऱ्याने पुन्हा गावे का, गावे तर त्यात किती बदल करावा, आणि बदल केला तर ते गाणे मग कोणाचे म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता गायकांचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा गाण्याशी संबंध ऐकण्यापुरता आणि स्नेहसंमेलनापुरता. तरीसुद्धा हा प्रश्न या नियतकालिकाच्या वाचकांपुढे मांडावा असे मला वाटले. याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर ज्याने दिले तो गायक आपल्या बेळगाव जिल्ह्यातला, कानडी घरातला, आणि त्याने ते दिले मराठी गाण्यांतून. म्हणजे या अंकाच्या दोन्ही विभागांचा त्याच्यावर सारखाच हक्क पोचतो. दुसरे कारण गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीवर आलेल्या प्रसंगाचे आहे. ते पुढे ओघाने येईल.

पाश्चात्त्य संगीतात, विशेषतः रॉक संगीतात, अशा पुनर्गायनाला ‘कव्हर’ म्हणतात. हा शब्द मुळात बाजारातला. एका कंपनीची तबकडी खपू लागली की दुसरी कंपनी तेच गाणे आपल्या गायकाकडून गाऊन घेई आणि त्या खपात वाटा मागे. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत या प्रकाराला एक कुरूप बाजूही होती. लिटल रिचर्डसारख्या कृष्णवर्णीय गायकाचे गाणे पॅट बून या गोऱ्या गायकाने सोज्ज्वळ करून गायचे, आणि खपाच्या यादीत मूळ गाण्याच्याही वरचे स्थान मिळवायचे. पण त्याच शब्दाखाली नंतर निराळाच व्यवहार सुरू झाला. बॉब डिलनने 1967 साली ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे गाणे अगदी साधेपणाने, गिटार आणि माउथऑर्गनवर गायिले. पुढच्याच वर्षी जिमी हेन्ड्रिक्सने ते विजेच्या गिटारीवर असे काही पेटवले की पुढे खुद्द डिलन आपल्या कार्यक्रमांत ते हेन्ड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. मूळ पुरुषाने शिष्याची चाल उचलावी, तसा हा प्रकार. पुढे एखाद्या थोर गायकाला किंवा कवीला मानवंदना म्हणून अनेकांनी मिळून त्याची गाणी गायची, अशा ‘ट्रिब्यूट’ संग्रहांची चालच पडली. 1991 साली लेनर्ड कोहेनच्या गाण्यांचा असा एक संग्रह एका फ्रेंच मासिकाने काढला. त्यात जॉन केलने केवळ पियानोवर गायिलेले ‘हॅलेलुया’ होते. कोहेनचे मूळ गाणे 1984 सालचे. ते फारसे कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. केलच्या गायनावरून जेफ बक्लीने 1994 साली ते उचलले आणि मग ते जगभर पसरले. अनेकांना ते बक्लीचेच वाटते. मानवंदनेमुळे मूळ गाण्याला दुसरा जन्म मिळाल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

रॉकचा एवढाच आढावा आपल्याला पुरे. आता घरी येऊ.

माझे बालपण आणि शिक्षण इंदूरचे. होळकरांच्या या गावात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे, आणि गाण्याचे वेड तर त्या मातीतच आहे. रजबअली खाँ देवासचे, अमीर खाँ साहेब इंदूरचे. अमीर खाँ साहेबांनी अब्दुल वहीद खाँ, रजबअली आणि अमानअली या तिघांचे गाणे कानांत साठवून स्वतःची गायकी उभी केली, हे जाणकारांना ठाऊकच आहे. लता मंगेशकरांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यातला. किशोरकुमार खंडव्याचा, पण शिकायला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. त्याच्यावर कँटीनची उधारी राहिली होती, ही कथा इंदुरात आजही चवीने सांगतात. आणि इंदुरापासून चाळीसेक किलोमीटरवर देवास. तेथे माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ नावाच्या घरात कुमार गंधर्व राहत. मानवंदनेच्या गाण्यांचे आपल्याकडचे दोन मोठे नमुने, कुमारजींचे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ आणि लताबाईंचे ‘श्रद्धांजली’, अशा रीतीने एकाच पंचक्रोशीशी नाते सांगतात. दोघांच्या वाटा मात्र अगदी निरनिराळ्या आहेत. त्या निरनिराळ्या का, हे पाहणे हा या लेखाचा हेतू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘मूळ गाणे’ म्हणून ज्याला आपण म्हणतो ते आपल्याकडे रॉकमधल्याइतके ठाम नसते. रॉकमध्ये तबकडी हेच मूळ. गायकाचा आवाज, गिटारीचा नाद, ढोलाचा ठोका, सगळे स्टुडिओत घडवून एकदा कायम केलेले. मराठी नाट्यपदाचे तसे नाही. जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडून पाहा. प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचा उल्लेख केलेला असतो. म्हणजे हे पद कोणाच्या अंगरख्यातून कापून काढले, ते शिंपी आपण होऊन सांगतो! अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या ‘शाकुंतला’त (1880) आणि ‘सौभद्रा’त (1882) कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांबरोबर कानडी पदांच्या चाली किती तरी आल्या. ‘मानापमाना’त (1911) गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्या-कजऱ्यांची वळणे आणली. ‘स्वयंवरा’त (1916) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांत घातल्या. मूळ म्हणून बोट दाखवावे तर त्यालाही आणखी एक मूळ निघते.

शिवाय रंगभूमीवर पद रोज निराळे होई. ‘वन्समोअर’ आला की तेच पद दुसऱ्या अंगाने. तबकडीच्या एका बाजूस साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळे, आणि नाटकात पंधरा-वीस मिनिटे रंगलेले पद तेवढ्यात कोंबावे लागे. तेव्हा बालगंधर्वांची तबकडी हे त्यांचे गाणे नव्हे, गाण्याचा नमुना आहे. वाण्याच्या दुकानात गहू पाहायला मूठभर काढून दाखवतात, तसा. आणि एकाच नाटकातली पदे निरनिराळ्या मंडळींचे नट आपापल्या ढंगाने गात. धैर्यधराची पदे केशवराव भोसल्यांनी एका तऱ्हेने गायिली, मास्टर दीनानाथांनी अगदी दुसऱ्याच आक्रमक तऱ्हेने. यांपैकी कोणी कोणाची नक्कल केली, किंवा कोणी मूळ बिघडवले, असा आरोप त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनातही आला नसेल. तो दोन्ही ऐके आणि घरी जाऊन भांडे. भांडण ‘कोण जास्त रंगला’ याचे असे.

मग नक्कल हा शब्द आपल्याकडे केव्हा आला? माझ्या समजुतीप्रमाणे तो तबकडीबरोबर आला. तोच तो स्वर, तीच ती हरकत, घरोघरी, शंभरदा. कान एका रूपाला सरावले की दुसरे रूप चुकीचे वाटू लागते. तबकडीने गाणे जतन केले हे तिचे उपकार मोठे, पण तिने श्रोत्याला हट्टी केले हेही खरे.

आता कुमारजींकडे वळू. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी झाला. सात-आठ वर्षांचा हा मुलगा त्या काळच्या नामांकित गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा, हरकतीन्‌हरकत गाऊन दाखवी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला मिळाली ती याच अजब शक्तीमुळे, आणि तीच पुढे त्याचे नाव झाली. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर हा मुलगा जगातला सर्वांत उत्तम ‘कव्हर’ गायक होता. लोक तिकिटे काढून त्याच्या नकला ऐकत. मग तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला आला. देवधरांनी त्याला गाण्याचा विचार दिला. 1947 च्या सुमारास क्षयाने गाठले, आणि 1948 साली हवापालटासाठी देवास हे गाव नशिबी आले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीते, रस्त्याने जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने कानांवर पडत राहिली. त्या पडून राहण्यातून जो गायक उठला त्याचा श्वास आखूड होता, कारण एक फुप्फुस निकामी झालेले. तान लांब घेणे शक्य नव्हते. त्याने लहान, टोकदार, विजेसारखे तुकडे आणि त्यांच्या मधली शांतता यांतून स्वतःचे गाणे घडवले.

अशा माणसाने बालगंधर्वांची पदे गायला घेतली तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना करा. लहानपणी जो तबकडी हुबेहूब म्हणत होता, त्याला बालगंधर्वांचा आवाजही हुबेहूब काढणे अवघड होते असे नाही. त्याने ते केले नाही. कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. पुढे याच नावाची ध्वनिमुद्रिकाही निघाली. मी मराठीचा अध्यापक. गाण्याआधी मला या नावाचा मोह पडतो. ‘बालगंधर्वांची पदे’ असे नाव देता आले असते. ‘बालगंधर्वांना आदरांजली’ असेही चालले असते. पण ‘मला’ या पहिल्याच शब्दाने गायकाने जबाबदारी आपल्यावर घेतली. हे बालगंधर्व माझे आहेत, तुमचे निराळे असू शकतील. आणि ‘समजलेले’ नव्हे, ‘उमजलेले’. समजणे बुद्धीने होते, सांगून होते. उमजणे आतून, कधी कधी उशिरा होते. कानडी विभागाच्या वाचकांना मी वचनवाङ्मयातल्या ‘अरिवु’ या शब्दाची आठवण करून देईन. दोन्ही शब्द एकच नव्हेत, पण शेजारचे आहेत. लिंगायत घरात जन्मलेल्या कुमारजींच्या कानांवर तो शब्द लहानपणापासून पडला असणार.

ऐकताना काय फरक जाणवतो? बालगंधर्वांचे गाणे अखंड वाहते. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना कोठे जोड दिसत नाही, शब्द मोत्यासारखा स्वच्छ येतो, आणि तालाशी लपंडाव चाललेला असतो. साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, तबल्यावर अहमदजान थिरकवा. कुमारजींच्या गाण्यात हा प्रवाह थांबतो. एखादा शब्द ते नुसता ठेवून देतात. मग एकाएकी तार सप्तकात झेप, आणि पुन्हा तंबोऱ्यांचा नाद. बालगंधर्व जेथे दहा मुरक्या घेतील तेथे हे एक घेतात, पण ती कोठून आली हे कळते. मला असे वाटते की त्यांनी पदाची कातडी सोडून हाडे घेतली. शब्दाचे वजन, रागाचा भाव आणि लयीचा डौल या तीन गोष्टी त्यांनी बालगंधर्वांच्या म्हणून ठेवल्या. बाकीचे स्वतःचे घातले. आणि आणखी एक गंमत. बालगंधर्वांनी ही पदे स्त्रीवेषात, रुक्मिणी किंवा सिंधू होऊन गायिली. कुमारजी साध्या सदऱ्यात, बैठकीवर, तंबोऱ्यांमध्ये बसून गातात. शालू नाही, रंगपट नाही, प्रसंगही नाही. पदाला अंगावरचे सगळे दागिने उतरवून उभे केले आहे. तरी ते उभे राहते की नाही, ही त्या कार्यक्रमाची खरी परीक्षा होती.

ती परीक्षा सर्वांच्या मते पार पडली असे मात्र नाही. आमचे थोरले आजोबा गंधर्व मंडळीची नाटके पाहिलेले होते. ही मुद्रिका घरी लागली की ते उठून अंगणात जात. “गातो छान, पण माझा नारायणराव कुठं आहे यात?” असे म्हणत. त्यांचे म्हणणे मी आजही हसण्यावारी नेत नाही. ज्याने रात्र रात्र ते गाणे कानांत भरून घेतले, त्याला आठवण हवी असते, उमज नव्हे. आठवणीचाही काही हक्क असतो.

तो हक्क ज्यांनी मानला त्या लताबाई. 12 जानेवारी 1992 रोजी कुमारजी देवासला वारले. त्याच वर्षी एच. एम. व्ही. ने लताबाईंची ‘श्रद्धांजली’ काढली. सैगल, पंकज मलिक, गीता दत्त, हेमंतकुमार, रफी, मुकेश, किशोरकुमार यांची गाणी त्यांनी स्वतःच्या आवाजात गायिली होती. मी तेव्हा इंदुरात शिकत होतो. वसतिगृहातल्या आम्हा चौघांनी वर्गणी काढून त्या कॅसेटी आणल्या आणि रात्री उशिरापर्यंत ऐकल्या.

येथे चाल जवळजवळ जशीच्या तशी आहे. लताबाईंनी काही उलगडून दाखवण्याचा आव आणलेला नाही. त्या जणू उंबऱ्याशी पादत्राणे काढून आत जातात. पण एक बदल टाळता येण्यासारखा नव्हता, तो पट्टीचा. पुरुषाची पट्टी साधारण काळी एक-दोन, बाईची काळी चार-पाच. काळी एक ते काळी चार म्हणजे बरोबर पंचमाचा फरक. काळी चारच्या बाईने मंद्र पंचम लावला तर तो काळी एकच्या पुरुषाच्या मध्य सप्तकातल्या रिषभापाशी येतो. सैगल किंवा हेमंतकुमार ज्या खोल जागी जाऊन बसतात ती जागा बाईच्या गळ्याला मुळात नाहीच. ती उंच होऊन येते. त्यामुळे त्या गाण्यांतला विसावा जाऊन एक तीक्ष्णपणा येतो. काहींना तो खटकला. मला मात्र त्यामुळे चाल प्रथमच उघडी दिसली, कारण सैगलच्या आवाजाची मोहिनी दूर झाल्यावर उरले ते संगीतकाराचे काम होते. शब्द पुरुषाचे आणि आवाज बाईचा, हाही एक उलटा आरसा. तिकडे पुरुष रुक्मिणीची पदे गातो, इकडे बाई देवदासांची.

या यादीकडे जरा निरखून पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मुकेशला नाव मिळाले ते ‘पहली नज़र’ (1945) या चित्रपटात अनिल विश्वासांकडे सैगलच्या थेट वळणाने गायिलेल्या गाण्याने. किशोरकुमारचे ‘ज़िद्दी’तले (1948) गाणेही सैगलच्याच छायेतले. पुढे सचिनदेव बर्मनांनी त्याला ती छाया सोडायला सांगितली म्हणून आपल्याला किशोरकुमार मिळाला. म्हणजे ज्यांना ही श्रद्धांजली वाहिली आहे त्यांपैकी दोघेजण याच यादीतल्या तिसऱ्याची नक्कल करीत मोठे झाले. कुमारजींचे बालपण आपण वर पाहिलेच. नक्कल ही शिडी आहे, हे कोणी नाकारू नये. शिडीवरच घर करू नये एवढेच.

घर करण्याचा मोठा धंदा मात्र आपल्याकडे झाला. 1980 नंतर कॅसेट स्वस्त झाली. जुन्या चित्रपटगीतांच्या मूळ मुद्रिका बहुतांशी एच. एम. व्ही. कडे होत्या. टी-सीरिजने नव्या गायकांकडून तीच गाणी गाऊन घेऊन कमी किमतीत बाजारात आणली. यांना ‘व्हर्शन’ म्हणत. कुमार सानूचे ‘किशोर की यादें’, सोनू निगमचे ‘रफी की यादें’ यांतलेच. मूळ आवाजाची आठवण शक्य तेवढी हुबेहूब करून देणे, हाच त्यांचा माल. पुढे या दोघांनी स्वतःचे नाव केले, हे त्यांच्या गळ्याचे श्रेय.

या धंद्याला कायद्याचा आधार होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ठराविक मुदतीनंतर, नोटीस आणि मानधन देऊन, गाणे पुन्हा मुद्रित करण्याची सोय होती. 2012 साली ती दुरुस्त होऊन कलम 31 सी आले. हे कलम आमच्या विद्यार्थ्यांनी वाचावे असे आहे. पहिले मुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते. दर गाण्यामागे वर्षाला निदान पन्नास हजार प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. वेष्टनावर ‘कव्हर व्हर्शन’ असे छापावे लागते, आणि आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र तेथे घालता येत नाही. शिवाय शब्दांत किंवा चालीत, तांत्रिक गरजेपलीकडे, मालकाच्या संमतीवाचून बदल करता येत नाही.

या दोन अटी शेजारी ठेवून पाहा. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून नावाची बंदी आली, हे समजण्यासारखे आहे. संगीतकाराच्या कामाची मोडतोड होऊ नये म्हणून बदलाची बंदी आली, हेही न्याय्य आहे. पण दोन्हींचा मिळून परिणाम असा होतो की या कलमाखाली मानवंदना देणाऱ्याने ज्याला मानवंदना द्यायची त्याचे नाव घ्यायचे नाही, आणि स्वतःला जे उमजले तेही गायचे नाही! हुबेहूब नकलेला कायद्याची वाट मोकळी, उमजेला मात्र मालकाची परवानगी हवी. सुदैवाने जुन्या नाट्यपदांना ही अडचण नाही. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. कृ. प्र. खाडिलकर 1948 साली वारले, तेव्हा त्यांची पदे आज सर्वांची आहेत. किर्लोस्करांची तर केव्हाच झाली.

आता तो प्रसंग. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या द्वितीय वर्षाच्या एका मुलीने रफीचे एक गाणे गायिले. तिने कराओकेचा ट्रॅक घेतला नाही. हार्मोनियम आणि तबला घेऊन, स्वतःच्या पट्टीत, मुळापेक्षा बऱ्याच विलंबित लयीत ती गायिली. अंतऱ्याच्या आधी ती क्षणभर थांबली. ते थांबणे मुळात नाही. परीक्षकांच्या कागदावर शेरा आला : “मूळ गाण्याशी प्रामाणिक नाही.” बक्षीस ट्रॅकवर हुबेहूब गाणाऱ्या मुलाला मिळाले. तो चांगला गायिला होता, त्याविषयी तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी ही मुलगी विभागात आली आणि म्हणाली, “सर, मी गाणं सोडलेलंच बरं. नक्कल मला येत नाही, आणि माझं गाणं चालत नाही.” वीस वर्षांच्या मुलीने असे म्हणावे आणि अध्यापकाने “पुढच्या वेळी बघू” म्हणून सोडून द्यावे, हे मला जमले नाही. हा लेख त्या दिवशी मनात सुरू झाला.

तिला मी जे सांगितले ते येथे थोडक्यात लिहितो, कारण ते स्पर्धांच्या आयोजकांनाही सांगायचे आहे. प्रामाणिकपणा म्हणजे सारखेपणा नव्हे. लताबाई सैगलशी प्रामाणिक आहेत आणि कुमारजी बालगंधर्वांशी. पण पहिल्यांचा प्रामाणिकपणा चालीशी आहे, दुसऱ्यांचा त्या चालीमागच्या शोधाशी. परीक्षकाने पहिल्याने विचारले पाहिजे की गाणाऱ्याने काय ठेवायचे ठरवले आहे. मग ते ठेवले गेले की नाही ते पाहावे. तिने लय बदलली, पण शब्द एकही गिळला नाही आणि चालीतला एकही स्वर हलवला नाही. ती थांबली ते विसरून नव्हे, तो शब्द ऐकू यावा म्हणून थांबली. हे कागदावर नोंदवायला रकानाच नव्हता. रकाने होते स्वर, ताल, ‘मूळ गाण्याशी साम्य’ आणि सादरीकरण.

कराओकेविषयी माझा राग नाही. इंदुरात आज संध्याकाळी ठिकठिकाणी निवृत्त मंडळी जमून ट्रॅकवर गातात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. माझे थोरले आजोबा ज्या हक्काने अंगणात जात, त्याच हक्काने ही मंडळी गातात. परंतु ट्रॅक लय आधीच ठरवून देतो. जेथे श्वास घ्यायचा तेथेच घ्यावा लागतो. कुमारजींच्या आखूड श्वासाला ट्रॅक मिळाला असता तर ते गाणेच घडले नसते. तेव्हा ज्या स्पर्धेत ट्रॅक सक्तीचा, ती स्पर्धा स्मरणशक्तीची आणि गळ्याची आहे, हे तरी स्पष्ट लिहावे.

याच्या उलट बाजूचा धोकाही मला दिसतो. ‘मला उमजले’ असे म्हणून कोणीही काहीही करावे, याला हे समर्थन नव्हे. अलीकडे जुन्या गाण्यामागे मोठा ठेका लावून, मधल्या ओळी गाळून जे प्रकार निघतात त्यांत उमज शोधूनही सापडत नाही. कुमारजींनी आधी हुबेहूब गाऊन दाखवले होते, मग वर्षानुवर्षे गप्प राहिले होते, मग ते म्हणाले ‘मला उमजलेले’. ज्याला मूळ गाणे अचूक म्हणता येत नाही त्याने ते बदलू नये, हा नियम मी वर्गात अगदी कठोरपणे लावीन. ‘बालगंधर्व’ (2011) या चित्रपटात आनंद भाटे यांनी ती पदे गंधर्व गायकीच्या अंगाने गायिली आणि त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते गायन ऐकले की हुबेहूबपणाच्या मागेही केवढी तपश्चर्या असते ते कळते. नक्कल हा शब्द तेथे अपुरा पडतो.

ज्यांना या विषयात अधिक ऐकायचे असेल त्यांना इंदूरला गेल्यावर जवळच्या पिगडंबर गावी लताबाईंच्या नावाचे ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय पाहता येईल. आपल्या इथेही सोय केली आहे. मराठी आणि कानडी विभागांनी मिळून दर शनिवारी दुपारी तास संपल्यावर श्रवणाची बैठक ठेवली आहे. पद्धत अशी की एकच पद आधी बालगंधर्वांच्या जुन्या मुद्रणातून, मग कुमारजींच्या कंठातून, मग भाटे यांच्याकडून ऐकायचे, आणि प्रत्येकाने काय ठेवले व काय सोडले ते कागदावर लिहायचे. कानडी विभागाच्या सहकाऱ्यांनी ‘सौभद्रा’तल्या पदांमागच्या कानडी चाली शोधून आणण्याचे मान्य केले आहे.

यंदाच्या स्नेहसंमेलनातील स्पर्धेच्या नियमांत सांस्कृतिक समितीने दोन बदल स्वीकारले आहेत. गाणाऱ्याने आधी मूळ गायक, संगीतकार आणि कवी यांची नावे सांगायची, आणि आपण कोणत्या मुद्रणावरून शिकलो तेही सांगायचे. ‘मूळ गाण्याशी साम्य’ हा रकाना काढून तेथे ‘शब्द आणि चाल यांची जाण’ असा रकाना घातला आहे. त्या मुलीने नाव दिले आहे. या वेळी तिला ‘स्वयंवरा’तले पद म्हणायचे आहे, आणि सध्या ती ते तबकडीवरून, हरकतीन्‌हरकत, हुबेहूब बसवीत आहे.